गुरुवारची मीटिंग : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात माझ्या रोटरीतल्या, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांच्या सेवाक्लबातल्या, दिवसांचा उल्लेख आला आणि या महिन्यात सेवाक्लबांविषयीच पत्रं आली. त्यांतली तीन घेते. मी सांगलीची. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, १९९७ पासून रोटरीत आहे. सांगेन ते तिथलंच.

प्रश्न : ताई, मी पशुवैद्य आहे, वय ३१. ओळखीच्या काकांनी आग्रह केला म्हणून आठ महिन्यांपूर्वी इथल्या एका सेवाक्लबची सदस्य झाले. काहीतरी काम करायला मिळेल असं वाटलं होतं. पण दर आठवड्याला तेच : घंटा वाजते, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाहुण्यांचं भाषण, मग जेवण. याला 'फेलोशिप' म्हणतात. आठ महिन्यांत एक रक्तदान शिबिर आणि एक वह्यावाटप झालं. वाटपात मुलांपेक्षा फोटोला उभी राहणारी माणसं जास्त होती. वर्गणी भरायची ती या जेवणांसाठी का? तेवढ्या वेळात माझे दोन गोठे बघून होतात. सोडून देऊ का?

फोटोची तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. तिच्याकडे येतेच, आधी जेवणाचं बोलू.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौकाकडचं माझं दुकान बुडालं. औषधांची जेवढी खोकी हाताला लागली तेवढी घेऊन आम्ही विश्रामबागेत घरी आलो. जवळच्या एका मंगल कार्यालयात गावभागातली, खणभागातली माणसं आणून ठेवली होती. पहिल्या रात्री तिथे फिरताना लक्षात आलं, की चौदा-पंधरा जण रोज इन्सुलिन घेणारे आहेत. काहींनी घरातून निघताना कुपी पदराला बांधून आणली होती, काहींची फ्रिजमध्येच राहून पाण्यात गेली होती. माझ्याकडे साठा होता, पण वीज नव्हती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. तापलं तर गुण जातो आणि गोठलं तर सरळ फेकून द्यावं लागतं. माझं खोकं दुपारपासून बाहेर होतं.

रात्री दोनला मी एका माणसाला फोन केला. ते आइस्क्रीमचे वितरक, आमच्याच क्लबातले. त्यांचं गोडाऊन कुपवाडच्या बाजूला, तिथवर पाणी पोचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे मोठा जनरेटर आहे हे मला कसं ठाऊक होतं? सहा वर्षं दर गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ते वरणभात कालवता कालवता त्या जनरेटरच्या डिझेलचं रडगाणं गात होते! सदस्यांची छापील यादी माझ्याकडे होतीच. तिच्यात त्यांचं नाव, धंदा, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, सगळं आहे. जनरेटर नाही. आणि रात्री दोनला फोन केला तर हा माणूस 'सकाळी बघू' म्हणणार नाही, हे तर कुठल्याच यादीत छापत नाहीत.

पंचवीस मिनिटांत ते टेम्पो घेऊन दारात हजर. बर्फाची पाकिटं आणली होती. आम्ही थर्माकोलच्या पेटीत ती पाकिटं कडेला लावली, मध्ये टॉवेलची घडी, तिच्या आत इन्सुलिन, म्हणजे बर्फ कुपीला चिकटणार नाही. ही रीत मी पोलिओच्या रविवारांत शिकले होते. बूथवर लसीचा डबा घेऊन बसायचं, प्रत्येक कुपीवरचा चौकोन बघायचा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवरच लस चांगली. दोन थेंब पाजले की बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई. रोटरीने पोलिओचं काम १९८५ मध्ये जगभर हाती घेतलं, आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग, ज्यात आपण येतो, पोलिओमुक्त जाहीर झाला. पण एवढे रविवार आम्ही का टिकलो, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, बूथवर शेजारी बसणारं माणूस आवडीचं होतं म्हणून. एकटी असते तर तिसऱ्या वर्षीच कंटाळले असते.

तुम्ही ज्याला जेवण म्हणता, त्यातून हे सगळं येतं. रोटरी सुरूच मुळी अशी झाली. पॉल हॅरिस हा वकील व्हर्मांटमधल्या वॉलिंगफोर्ड नावाच्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढला. शिकागोत वकिली सुरू केली, अशिलं मिळाली, पण रविवार खायला उठायचा. एका संध्याकाळी तो दुसऱ्या एका वकिलाबरोबर त्याच्या वस्तीत फिरायला गेला. तो मित्र वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारत होता, तेही याची विचारपूस करत होते. हॅरिसला आपलं गाव आठवलं. पुढे २३ फेब्रुवारी १९०५ ला चौघं जमली : हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, म्हणून नाव रोटरी. सेवेचं पहिलं मोठं काम त्यांनी १९०७ मध्ये धरलं, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून. म्हणजे दोन वर्षं ही माणसं नुसती भेटत होती, तुमच्यापेक्षा सोळा महिने जास्त!

आणखी एक गोष्ट, आणि ही खास तुमच्यासाठी. प्रत्येक व्यवसायातला एक, अशी सदस्य घ्यायची जुनी पद्धत होती. नियम पुढे सैल झाला, पण विचार चांगला आहे. त्या पुरात आमच्या क्लबात डॉक्टर सात होते, पशुवैद्य एकही नव्हता. मिरज रस्त्याच्या कडेला गाई-म्हशी बांधून माणसं उभी होती. एका म्हशीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि तिचा मालक माझ्यासारख्या औषधवालीला हात जोडत होता. मला काही करता आलं नाही. तुमच्या क्लबला तुम्ही मिळाला आहात, हे त्यांना अजून उमगलेलं दिसत नाही. ते तुम्हीच दाखवून द्या.

कसं, ते सांगते. सेवाक्लबांचं वर्ष बहुतेक ठिकाणी १ जुलैला सुरू होतं आणि पुढच्या अध्यक्षांच्या डोक्यातलं वर्ष एप्रिल-मेमध्येच ठरून जातं. पदग्रहण झाल्यावर सुचवलं की 'पुढच्या वेळी बघू' असं उत्तर मिळतं. म्हणून आताच नियोजित अध्यक्षांच्या घरी जा. एका कागदावर लिहून न्या : एक गाव, किती जनावरं, लाळ्या-खुरकुताची लस टोचायला किती दिवस लागतील, सरकारी दवाखान्याकडून काय मिळेल, क्लबने काय करायचं, खर्च किती. त्या कागदावर 'क्लबमधून दोन माणसं दर रविवारी' असंही लिहा आणि ती दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. ती कशी ठरवायची? जेवताना. दर आठवड्याला वेगळ्या टेबलावर बसा. आठ महिन्यांत तुम्ही त्याच काकांच्या शेजारी बसला असाल, असा माझा अंदाज आहे.

आता फोटो. वही घेणाऱ्या मुलाचा चेहरा फोटोत येता कामा नये, असं मी आमच्या बोर्डापुढे तीन वेळा मांडलं. तिसऱ्यांदा मान्य झालं. तेव्हापासून आम्ही वह्या मुख्याध्यापकांच्या खोलीत देतो, शाळा त्या आपल्या हाताने वाटते आणि बुलेटिनमध्ये वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो छापतो. देणगीदारांना तेवढा पुरतो. हे तुम्हीही मांडा, चिडून नको, पण पुन्हापुन्हा मांडा.

एक वर्ष द्या. हा कागद नेल्यावरही कुणी हललं नाही, तर मात्र खुशाल सोडा आणि दुसरा क्लब बघा. सगळे क्लब सारखे नसतात.

प्रश्न : ताई, आमचे हे जाऊन सव्वा वर्ष झालं. बावीस वर्षं ते क्लबात होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. क्लबात सगळे मला 'अ‍ॅन' म्हणून ओळखतात. त्यांच्या आजारपणात क्लबच्या माणसांनी आळीपाळीने रात्री काढल्या, ते मी विसरणार नाही. आता सहलीला, दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावतात, पण तिथे सगळी जोडपी. मी कोण म्हणून जायचं? मुलगा म्हणतो, आता तुझं तिथे काय काम?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, रोटरीत सदस्याच्या पत्नीला 'अ‍ॅन' म्हणायची पद्धत आहे. म्हणणारे मायेनं म्हणतात, पण त्यात बाईचं स्वतःचं नाव राहत नाही.

मी कोण म्हणून जायचं, या प्रश्नाला माझं उत्तर : सदस्य म्हणून. त्यांच्या जागी नाही, स्वतःच्या नावावर. ही वाट सहज झालेली नाही. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबने तीन बायकांना सदस्य केलं म्हणून १९७८ मध्ये त्या क्लबची सनद काढून घेतली होती. क्लब कोर्टात गेला. ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. त्यानंतर आठ वर्षांनी मी आले. पहिल्या मीटिंगला दारातल्या टेबलावर बिल्ले मांडले होते, त्यांत माझा नव्हता. एका होतकरू मुलाने घाईघाईत 'अ‍ॅन' छापलेला बिल्ला पुढे केला. मी तो हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात एक वयस्कर सदस्य उठले, बिल्ल्यातला कागद उपसून काढला, उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि मराठीत माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'औषधविक्रेती'. अक्षर थरथरतं होतं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

तुमच्या बिल्ल्यावर 'शिक्षिका' असेल. निवृत्त झालात म्हणून ते पुसत नाही. क्लबातल्या ज्या एक-दोघांशी तुम्हाला मोकळं बोलता येतं त्यांना सांगा, की मला सदस्य व्हायचं आहे, माझं नाव सुचवा. बायकांच्याच संगतीत बरं वाटणार असेल तर इनरव्हील आहे. मँचेस्टरमध्ये १० जानेवारी १९२४ ला सुरू झालेली ही संस्था आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही आहे. दोन्हीकडे एकेकदा जाऊन बघा.

जोडप्यांच्या सहलीला पहिल्या वर्षी जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते. साध्या मीटिंगला जा. तिथे कामाचं बोलणं असतं, माणूस एकेकटा येतो. आणि मुलाला रागावू नका. आईने तिथून रडत घरी येऊ नये, एवढंच त्याला वाटत असेल. एकदा त्यालाच गाडीवर सोडायला सांगा आणि पाच मिनिटं आत बोलवा. ज्यांनी त्याच्या वडिलांजवळ रात्री जागून काढल्या ती माणसं त्याला कदाचित नावानेही ठाऊक नसतील.

प्रश्न : मी यंदा क्लबचा खजिनदार आहे. एका जुन्या सदस्यांची दोन सहामाह्यांची वर्गणी थकली आहे. त्यांचा छापखाना आहे, धंदा बसला आहे असं कानावर येतं. तीन महिने मीटिंगला आलेले नाहीत, फोन उचलत नाहीत. बोर्ड म्हणतं, नोटीस द्या आणि नाव कमी करा. काय करावं?

तुमची अडचण मला कळते. रोटरीत १ जुलै आणि १ जानेवारीला यादीतल्या प्रत्येक नावामागे वर, म्हणजे रोटरीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे, पैसे भरावे लागतात, सदस्याने दिलेले असोत-नसोत. खजिनदाराला ते डोळ्यांसमोर दिसतात.

पण माझ्या हातून झालेलं सांगते. माझ्या खजिनदारकीच्या वर्षी मी थकबाकीची यादी भर मीटिंगमध्ये वाचून दाखवली. नियमाला धरूनच होतं. त्यातले एक गृहस्थ जेवायला न थांबता निघून गेले, ते परत कधी आलेच नाहीत. पुढे कळलं, मुलीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी घर गहाण ठेवलं होतं. आम्ही चाळीस जण दर गुरुवारी त्यांच्याबरोबर जेवत होतो आणि एकालाही माहीत नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पण ते परत आले नाहीत.

तुमच्याकडेही मीटिंगमध्ये चार प्रश्न म्हणत असतील : हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय देणारं आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. ते हर्बर्ट टेलर या माणसाने १९३२ मध्ये लिहिले, तेव्हा तो शिकागोतली कर्जात बुडालेली अॅल्युमिनियमच्या भांड्यांची एक कंपनी सावरत होता. धंदा बसलेल्या माणसाच्या टेबलावरच लिहिले गेलेले प्रश्न आहेत ते. नोटिशीच्या मसुद्याला ते एकदा लावून बघा.

बोर्डाकडून दोन महिन्यांची मुदत मागा. वर भरायचे पैसे दोघा-तिघांनी मिळून भरा आणि ते कुणी भरले हे वहीत लिहा, बोलू नका. क्लबचं बुलेटिन, पदग्रहणाच्या पत्रिका सध्या कुठे छापता? त्यांच्याकडे छापून घेता येतील का, हे विचारा, पण दर ठरवूनच आणि पैसे रोख देऊनच. वर्गणीत वळते करून घ्यायचं नाव काढू नका.

आणि जा त्यांच्याकडे. घरी नको, घरात बायकोमुलांसमोर अवघड होतं. संध्याकाळी छापखाना बंद करायच्या वेळेला जा, एकटे जा. पावतीपुस्तक घरी ठेवा. चहा मागवला तर घ्या, आणि ते बोलायला लागेपर्यंत बसा.