पैसे फिटले, मिंधेपण फिटेना

*आदरणीय ताई,*

*मी ४१ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी छपाईचा व्यवसाय सुरू केला. त्यासाठी दादाने स्वतःच्या साठवणीतले पैसे दिले. तीन वर्षांत व्यवसाय बंद पडला. नंतर नोकरी धरून दादाची पै न् पै फेडली, शेवटचा हप्ता गेल्या वर्षी दिला. तो आजवर एका शब्दाने बोललेला नाही. पण माझंच मन मला खातं. दादा घरी येणार असला की मी नवा मोबाइल कपाटात ठेवतो. आम्ही कुठे फिरायला गेलो तर बायकोला फोटो पाठवू देत नाही. नातेवाइकांत गेलो की वाटतं, सगळे मनात म्हणत असणार, 'हाच तो, भावाचे पैसे बुडवणारा.' आता दादाच्या मुलीचं लग्न आहे. कामाचं निमित्त सांगून तासाभरासाठी तोंड दाखवून यायचं ठरवलंय. बायको जाम भडकली आहे. हे ओझं उतरवू कसं?*

*– एक वाचक*

आधी लग्नाचं सांगते, कारण ते लांबणीवर टाकता येणार नाही. बायकोचं ऐका. तासाभरासाठी नको, आदल्या दिवशीच जा आणि दादाला विचारा, "माझ्याकडे काम कुठलं?" मुलीच्या लग्नात बापाला हक्काची माणसं हवी असतात. तुम्ही पाहुण्यासारखे येऊन गेलात, तर ते दादाला लागेल. कर्जाच्या काळात त्याला जे लागलं नसेल, ते आत्ता लागेल.

आता ओझ्याकडे वळू. तुम्ही स्वतःला 'पैसे बुडवणारा' म्हणवून घेता आणि त्याच पत्रात हप्ते फेडल्याचा हिशेबही देता. दोन्ही खरं असू शकत नाही. तुमचा व्यवसाय बुडाला. भावाचे पैसे बुडाले नाहीत, कारण ते बुडू नयेत म्हणून तुम्ही नोकरी धरलीत आणि राबलात. ही वस्तुस्थिती तुम्हाला ठाऊक आहे, तरी मन ऐकत नाही, हेच तर दुखणं आहे.

जून टँगनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. अपराधीपणा आणि शरम या दोन भावना वेगळ्या, असं त्यांचं संशोधन सांगतं. 'माझ्या हातून चूक झाली' ही टोचणी माणसाला भरपाईकडे नेते. तो माफी मागतो, पैसे परत करतो, तुटलेलं सांधतो. 'मी माणूसच वाईट' ही शरम मात्र त्याला लपायला लावते. तुमचा अपराधीपणा शेवटच्या हप्त्याबरोबर संपायला हवा होता, आणि मला वाटतं तो संपलाही आहे. मोबाइल कपाटात ठेवणारा हात शरमेचा आहे. तिला हप्ते देता येत नाहीत, म्हणून ती फिटतही नाही. आणखी दहा वर्षं साधे कपडे घातलेत, फोटो लपवलेत, तरी ती तिथेच राहील.

जरा कठोर बोलते, राग मानू नका. हे प्रायश्चित्त तुम्ही कुणासाठी करताय? दादाने मागितलेलं नाही. त्याला त्यातून काही मिळतही नाही. उलट त्याच्या जागी बसून पाहा. त्याने धाकट्या भावाला मदत केली, ती परतही मिळाली, आणि तेव्हापासून भाऊ त्याच्याशी मोकळेपणी बोलेनासा झाला. तो आला की घरात कुजबुज, आवराआवर. त्याला कळत नसेल असं तुम्हाला वाटतं? मोठ्या भावंडांना हे बरोबर कळतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत. आपण मदत केली हेच चुकलं का, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला असेल. तुमच्या शिक्षेचा भुर्दंड बायको भरते आहे आणि दादाही.

राहिले 'सगळे'. लोकांच्या नजरेबद्दल तुम्ही लिहिलंत तेव्हा मला एक जुना प्रयोग आठवला. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या संशोधकांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीच्या चेहऱ्यावर रंगभूषेने एक ठसठशीत व्रण काढायचा, आरशात दाखवायचा, आणि मग एका अनोळखी माणसाशी गप्पा मारायला बसवायचं. समोरचा व्रणामुळे कसा वागतो ते तिने नंतर सांगायचं. मात्र गप्पांना बसण्याआधी 'व्रण सुकू नये म्हणून जरा क्रीम लावतो' असं सांगून संशोधकांनी तो गुपचूप पुसून टाकला होता. चेहरा स्वच्छ होता, हे त्या व्यक्तीला माहीतच नव्हतं. तरीही बाहेर आल्यावर या मंडळींनी सांगितलं की समोरच्याच्या वागण्यावर व्रणाचा परिणाम झाला होता, तो अवघडला होता. नसलेल्या व्रणाकडे माणसं बघत असल्याचं त्यांना दिसलं!

ती माणसं खोटं बोलत नव्हती. समोरचा कधी नजर वळवतो, कधी गप्प होतो, कधी घड्याळ बघतो. प्रत्येक गप्पांमध्ये हे होतंच. पण ज्याच्या मनात व्रण आहे त्याला त्या प्रत्येक हालचालीचं कारण आधीच ठाऊक असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते इथे चोरी न केलेल्या माणसाच्या मनात पडलं आहे.

या वागण्याला आणखी एक शेपूट आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांच्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात त्यांनी दाखवून दिलं की भीतीपासून वाचायला आपण ज्या युक्त्या करतो, त्याच भीतीला जगवतात. कोपऱ्यात उभं राहणं, फोनमध्ये डोकं घालणं, लवकर निघणं. भीती वाटते म्हणून तुम्ही निघता, आणि निघालात म्हणून कळतच नाही की थांबला असतात तर काहीच वाईट झालं नसतं. वर नातेवाइकांना तुमचं कोपऱ्यात राहणं तुटक वाटतं. 'हल्ली फार बोलत नाही' असं ते म्हणतात, आणि ते कानावर आलं की तुम्हाला वाटतं, बघा, मी म्हणत होतोच.

पण 'कुणीही काही म्हणत नाही, सगळे तुमचे भ्रम' असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही. नात्यात एखादी व्यक्ती असतेच जिला दुसऱ्याचं अपयश तोंडी लावायला लागतं. लग्नात ती भेटेल, आणि 'काय रे, सध्या काय चाललंय? तो छापखाना होता ना तुझा?' असं भर गर्दीत विचारेल. विचारू दे. उत्तर आत्ताच ठरवून ठेवा: "हो, होता. चालला नाही, बंद केला. आता नोकरी करतो, बरं चाललंय. तुमचं काय?" यापुढे एक शब्द नाही. पैसे कसे फेडले, बाजार कसा होता, भागीदाराने काय केलं, यातलं काही नाही. स्पष्टीकरण लांबलं की समोरच्याला वाटतं इथे काहीतरी लपलंय. 'चालला नाही' हे दोन शब्द घरी मोठ्याने म्हणून पाहा. सुरुवातीला जीभ अडखळेल. अडखळेनाशी होईपर्यंत म्हणा. जे आपणच सरळ सांगून टाकलं, ते दुसऱ्याला फार वेळ चघळता येत नाही.

आणि चघळलंच, तर चघळू द्या. नावं ठेवणारे तुम्हाला आवडलेच पाहिजेत किंवा तुम्ही त्यांना पटलेच पाहिजेत, असं कुठे आहे? त्यांचं मत त्यांच्यापाशी. ते बदलायची जबाबदारी तुम्ही उगाच अंगावर घेतलीत.

दादाशी मात्र बोला, लग्नाची गडबड ओसरल्यावर. पण एक सांभाळा, पुन्हा माफी मागू नका. 'तू मनापासून माफ केलंस ना?' असं विचारलंत तर तो 'वेडा आहेस का' म्हणेल, तुम्हाला दोन दिवस हलकं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारावंसं वाटेल. तुमची समजूत काढण्याचं काम त्याच्या गळ्यात पडेल. त्याऐवजी त्याला खरं काय चाललंय ते सांगा. "पैसे फेडले तरी तुझ्यासमोर मला ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून मी तुटक वागलो. आता तसं वागायचं नाही असं ठरवलंय." बस. त्याने उत्तर दिलं तर ऐका. हसून विषय बदलला तरी वाईट वाटून घेऊ नका. भावाभावांत पुष्कळदा एवढंच होतं आणि ते पुरतं.

दरम्यान मोबाइल कपाटातून काढा. हे मी गमतीत म्हणत नाही. मन पटेल आणि मग वागणं बदलेल याची वाट बघत बसलात तर वर्षं जातील. वागणं आधी बदला. पुढच्या वेळी दादा आला की फोन टेबलावर राहू दे. पहिल्यांदा छातीत धडधडेल, कान गरम होतील. तेवढी कळ सोसा, फोन उचलायला जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला धडधड कमी झाल्याचं जाणवेल. ग्रुपवर एखादा फोटो बायकोला टाकू द्या. आधी साधासा, मग सहलीचा.

हे सगळं करूनही रात्री झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, 'आपण नसलेलंच बरं' असं मनात येत असेल, तर माझ्या पत्रावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेवटचा विचार एकदा जरी आला असेल तर आजच भेटा, आणि बायकोला सोबत न्या.

ताजा कलमात तुम्ही विचारलंत, १४ वर्षांच्या मुलाला व्यवसाय बुडाल्याचं सांगावं का? सांगा. त्याला अर्धवट कळलेलं असणारच. बाबा काकांसमोर गप्प का होतात, हे त्याने पाहिलंय आणि त्याचा स्वतःपुरता काहीतरी अर्थ लावलाय. किती पैसे घेतले, कुठे अंदाज चुकला, कसे फेडले, आकड्यांसकट सांगा. त्याला प्रश्न विचारू द्या. लग्नाला निघण्याआधी सांगितलंत तर उत्तम, कारण तिथे त्यालाही कुणीतरी विचारणारच आहे.