चक्रीवादळांची जन्मस्थाने दरवर्षी का बदलतात?

प्रश्न : एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते तेव्हा, अटलांटिक महासागरात चक्रीवादळे कमी होतात, असे वाचनात आले. समुद्र तापल्यावर वादळे सर्वत्र वाढायला हवीत. मग असे का होते?

उत्तर : समुद्र तापला की वादळ होणारच, हा समज अपुरा आहे. साधारण २६.५ अंश सेल्सिअसचे पाणी ही केवळ एक अट झाली. वातावरणाच्या मधल्या थरातील हवा दमट असावी लागते, खालच्या थरातील वाऱ्यांना आधीपासून थोडीफार चक्राकार गती असावी लागते आणि समुद्रालगतच्या व उंचावरच्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत असून चालत नाही. ती असली, तर आकार घेऊ पाहणाऱ्या वादळाचा माथा त्याच्या पायथ्यावरून बाजूला ढकलला जातो आणि ते मोडते. विषुववृत्तालगत वादळे जवळजवळ होत नाहीत, कारण तेथे पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम नगण्य असतो. ही अट कायमची. बाकीच्या मात्र वर्षागणिक जागा बदलतात.

एल निनोमध्ये तापते ते विषुववृत्तीय प्रशांत महासागराच्या मध्य व पूर्व भागातील पाणी. त्यामुळे उंचावरील वाऱ्यांची घडी बदलते आणि अटलांटिकवर, विशेषतः कॅरिबियन समुद्रावर, वर सांगितलेली तफावत वाढते. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये हा संबंध मांडला.

खरी उद्बोधक गोष्ट वायव्य प्रशांतात दिसते. तेथील वादळांची वार्षिक संख्या एल निनोमुळे फारशी बदलत नाही, पण मोसमी वाऱ्यांचा कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे लांबल्यामुळे त्यांचे जन्मस्थान आग्नेयेस सरकते. इतक्या दूर जन्मलेल्या वादळाला जमीन गाठेपर्यंत उबदार पाण्यावरून मोठा प्रवास घडतो, म्हणून ते अधिक टिकते आणि बहुधा अधिक प्रबळही होते; ला निनाच्या वर्षी, म्हणजे प्रशांताचे तेच पाणी नेहमीपेक्षा थंड असते तेव्हा, उलट वादळे आशियाच्या किनाऱ्यांच्या अधिक जवळ जन्मतात. दक्षिण प्रशांतातही हे सरकणे दिसते. एरवी क्वचितच वादळे पाहणाऱ्या फ्रेंच पॉलिनेशियाला १९८२-८३ च्या तीव्र एल निनोत एकामागून एक चक्रीवादळांनी झोडपले.

हिंदी महासागराचा हिशेब केवळ एल निनोवर मांडता येत नाही. तेथे पश्चिम भाग पूर्वेपेक्षा अधिक तापण्याची स्थिती, म्हणजे धन ‘इंडियन ओशन डायपोल’, महत्त्वाची ठरते. एरवी बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या कितीतरी पट वादळे होतात. २०१९ मध्ये मात्र हा डायपोल अतिशय तीव्र असताना अरबी समुद्रात ५ आणि उपसागरात ३ चक्रीवादळे झाली.

अर्थात, यांतला कोणताही संबंध अटळ नव्हे. २०२३ मध्ये एल निनो असूनही अटलांटिकमध्ये नाव देण्याजोगी २० वादळे झाली, कारण त्या वर्षी तेथील पाणीच विक्रमी उष्ण होते आणि वाऱ्यांचा अडथळा त्यापुढे पुरेसा ठरला नाही.