दाराची कडी दिसली की घाई होते

ताई,

यावलजवळच्या गावाहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेतात दिवसभर काही होत नाही, पण घरी येऊन दाराची कडी काढता काढता लघवीची अशी घाई होते की मोरी गाठेपर्यंत परकर ओला होतो. जळगावला जायचं असलं की तुम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. गेल्या श्रावणात कानबाई देवीच्या जागरालाही गेला नाहीत. सासूबाई म्हणतात, दोन बाळंतपणं झाली, आता हे चालायचंच.

नाही ताई, हे असंच चालू द्यायचं नाही.

आधी पाणी प्यायला लागा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात कोरड्या घशानं एसटीत बसणं जिवावरचं आहे. शिवाय पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीला झोंबते आणि घाई वाढते. कमी करायचाच तर चहा कमी करा.

तुमच्या पिशवीला कडी दिसली की आवळायची सवय लागली आहे. ती मोडता येते. घाई आली की पळू नका. जागीच थांबा, श्वास चालू ठेवा आणि वायू अडवताना आवळतो ती जागा पाच-सहा वेळा पटपट वर ओढून सोडा. कळ ओसरते. मग सावकाश मोरीकडे जा.

त्या स्नायूंना रोजचा व्यायामही हवा. निजून, पोट-मांड्या ढिल्या ठेवून तीच जागा आवळा, काही क्षण धरा, पूर्ण सोडा. असं ८ वेळा, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने. लघवी करताना मध्येच धार अडवून मात्र करू नका. खोकताना, हंडा उचलताना आधी आवळून घ्या.

पुष्कळ बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. त्याआधी जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवा. लघवीची आणि साखरेची तपासणी हवीच. जळजळ किंवा रक्त असेल तर उद्याच जा. लाजू नका, तिथे हे रोज ऐकतात.

कानबाईला अजून चार महिने आहेत. आजपासून सुरुवात करा, आणि जागराआधी मला पत्र टाका.