हॅम्बुर्गला अडकलेला संसार

प्रश्न: मी मूळचा चिंचवडचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये नोकरीसाठी स्टुटगार्टला आलो. मुलीचं शाळेचं सत्र मोडू नये म्हणून पत्नी आणि ती मागे राहिल्या, त्या यंदा जानेवारीत आल्या. घरातलं सामान पुण्याच्या पॅकर्सकडे जानेवारीतच दिलं होतं, पण त्यांनी ते मार्चअखेर जहाजावर चढवलं. आता ते हॅम्बुर्गला आलं आहे. इथला एजंट ईमेल करतो की तुम्हाला येऊन वर्ष उलटलं, त्यामुळे सवलत मिळणार नाही. ड्यूटी, व्हॅट आणि गोदामभाडं मिळून 2,340 युरो भरा. सामान जुनंच आहे. टीव्ही मात्र दिवाळीत घेतलेला आहे. पॅकिंग लिस्टमध्ये ‘अँटिक ब्रास आयडॉल्स’ असंही लिहिलंय, ते आमचे देव आहेत. भरून मोकळं व्हावं का?

उत्तर: नाही, इतक्यात भरू नका. आधी एक सांगा, तुमच्या हातात जर्मन कस्टम्सचा कागद आहे की फक्त एजंटाची ईमेल? पत्रावरून मला वाटतं, फक्त ईमेल. एजंटाला ‘सवलत नाही’ असं वाटणं आणि झोलने, म्हणजे जर्मन कस्टम्सने, तसा आदेश काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंटासमोर रोज पन्नास फायली असतात. त्यानं तुमच्या आनमेल्डुंगची, म्हणजे तिथल्या पत्त्याच्या नोंदणीची, तारीख पाहिली, महिने मोजले आणि विषय संपवला. मीही न्हावा शेवाला बरीच वर्षं कस्टम्सच्या फायली हाताळल्या आहेत, त्यामुळे ही घाई ओळखीची आहे.

आता नियम. युरोपीय संघात राहायला येणाऱ्या माणसाच्या घरसामानाला ड्यूटीमाफी देणारं विनियमन 2009 सालचं आहे, क्रमांक 1186. ते सगळ्या सदस्य देशांना सारखंच लागू आहे. कलम 3 ते 11 तुमच्या कामाची. त्यात अटी अशा: येणारा माणूस त्याआधी किमान सलग 12 महिने संघाबाहेर राहत असला पाहिजे, वस्तू किमान 6 महिने त्याच्या ताब्यात आणि वापरात असल्या पाहिजेत, आणि नव्या ठिकाणी वास्तव्य सुरू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत त्या सोडवून घेतल्या पाहिजेत. एजंटानं बोट ठेवलं आहे ते या शेवटच्या अटीवर, म्हणजे कलम 7 वर. तुमच्यापुरतं बोलायचं तर त्याचं गणित चुकीचं नाही. मार्च ते मार्च, वर्ष झालं.

पण हे सामान फक्त तुमचं आहे का? तुम्ही मार्चमध्ये दोन बॅगा घेऊन विमानात बसलात. पोळपाट, मिक्सर, कपाट, गाद्या, मुलीचं टेबल, देवघर हे सगळं त्यानंतर दहा महिने चिंचवडच्या फ्लॅटमध्ये वापरात होतं. वापरणारी होती तुमची पत्नी. तिचं वास्तव्य जर्मनीत सुरू झालं जानेवारीत. तिच्या बाजूनं मोजलं तर 12 महिन्यांतले अजून बरेच महिने शिल्लक आहेत. ती जन्मापासून भारतात राहिली, म्हणजे 12 महिन्यांची आधीची अटही पुरी. सामान 6 महिने ताब्यात आणि वापरात, तेही पुरं. विनियमनाची भाषा ‘कुटुंबप्रमुख’ वगैरे मानत नाही, ती राहण्याची जागा बदलणाऱ्या व्यक्तीबद्दल बोलते. तुमची पत्नी तशी व्यक्ती आहे. पॅकर्सनी सवयीनं नवऱ्याचं नाव घातलं आणि तिथे घोळ झाला.

तेव्हा अर्ज पत्नीच्या नावानं करा. जर्मनीत घरसामानासाठी 0350 क्रमांकाचा फॉर्म आहे. तो तिनं भरायचा, सही तिची, एजंटाला द्यायचं मुखत्यारपत्रही तिचं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, कन्सायनी (माल घेणारा) म्हणून तुमचं नाव असल्यामुळे एजंट कुरकुर करेल. सामान दोघांच्या घरातलं आहे आणि पत्नीनं ते सोडवून घ्यायला तुमची हरकत नाही, असं तुमचं साधं पत्र जोडा. तुमच्या नावानं डिक्लेरेशन अजून स्वीकारलं गेलं नसेल तर हे सगळं सोपं आहे, म्हणून आजच एजंटाला लेखी कळवा की माझ्या नावानं काहीही दाखल करू नका.

पुरावा हा या प्रकरणाचा जीव आहे. पत्नी जानेवारीपर्यंत खरंच पुण्यात राहत होती हे दाखवायचं आहे. पासपोर्टवरचा शिक्का आणि व्हिसाची तारीख लागेलच, पण त्यातून ती कधी आली एवढंच कळतं. ती आधी कुठे राहत होती ते सांगणारा सगळ्यात बोलका कागद तुमच्या घरात असणार: मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर शेवटच्या हजेरीची तारीख असते, शाळेचा शिक्का असतो, आणि दहा वर्षांची मुलगी पिंपरी-चिंचवडच्या शाळेत एकटी राहून शिकत नव्हती हे कुठल्याही अधिकाऱ्याला पटतं. मराठीत असेल तर जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. त्याच्या जोडीला महावितरणची वर्षभराची बिलं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि पत्नी नोकरी करत असेल तर कार्यालयाचं कार्यमुक्तीचं पत्र. स्टुटगार्टच्या बाजूनं तिचं मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. मे महिन्याच्या सुट्टीत ती तुमच्याकडे टूरिस्ट व्हिसावर येऊन गेली असेल तर लपवू नका. पाहुणी म्हणून येऊन परत जाणं म्हणजे वास्तव्य बदलणं नव्हे.

एक वस्तू या हिशेबात बसत नाही, ती म्हणजे तुमची स्वतःची सायकल, पत्रासोबतच्या यादीतली क्रमांक 31. ती पत्नी वापरत नव्हती, आणि तुमचं वर्ष संपलंय. कलम 7 मध्ये विशेष प्रकरणांना मुभा आहे, पण एका सायकलसाठी ती मागत बसू नये असं माझं मत आहे. तिच्यावर काय पडेल ते भरा.

टीव्हीचंही तेच. दिवाळीत घेतला, पत्नी जानेवारीत निघाली, 6 महिने भरत नाहीत. काहीजण बिल फाडून टाकायचा सल्ला देतात. तसं करू नका. मॉडेलचं नाव खोक्यावरच छापलेलं असतं आणि एक खोटी ओळ सापडली की अधिकारी बाकीच्या साठ ओळींकडेही संशयानं बघतो. टीव्ही वेगळा दाखवा. युरोपात टीव्हीवर 14 टक्के ड्यूटी आहे आणि जर्मनीत त्यावर 19 टक्के आयातव्हॅट. किंमत 500 युरो धरली आणि भाडं बाजूला ठेवलं, तर 70 युरो ड्यूटी, मग 570 वर 108 च्या आसपास व्हॅट, एकूण साधारण 178 युरो. कोथरूडच्या भाच्याला देऊन आला असतात तर बरं झालं असतं, पण आता तो बंदरात आहे.

किमतीच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण एजंटाचा आकडा मला तिथूनच फुगलेला दिसतो. तुमच्या यादीत सोफा 85,000 रुपये आहे. आठ वर्षांचा, एका बाजूनं मुलीनं स्केचपेननं रंगवलेला सोफा 85,000 ला कोण घेईल? पॅकर्सनी ही किंमत प्रवासविम्यासाठी लिहिली. वस्तू बुडाली तर नवी घ्यायला किती लागतील, ती ही रक्कम. कस्टम्सला हवी असते ती वस्तूची आजची, वापरलेल्या अवस्थेतली किंमत. सवलत मिळाली तर हा वाद उरतच नाही, पण सायकल आणि टीव्हीसारख्या ज्या वस्तूंवर कर पडेल त्यांना ही जुनी किंमत लागू होऊ देऊ नका. नवी यादी करा, त्यात खरेदीचं साल आणि आजची किंमत लिहा आणि ही विम्याची रक्कम नव्हे असा खुलासा वर टाका. शिवाय ‘मिसलेनियस, 14 बॉक्स’ अशी ओळ असेल तर ती फोडून लिहा. अशा ओळीवरून माझ्या एका अशिलाचं अख्खं सामान उघडून तपासलं होतं, आणि त्या तपासणीचं बिल त्यालाच आलं.

आता देव. ‘अँटिक ब्रास’ हे पॅकर्सच्या कामगारानं बहुतेक रंग बघून लिहिलं असणार. दुकानांतही काळपट पितळेला ‘अँटिक फिनिश’ म्हणतातच. कायद्यात मात्र तो शब्द जड पडतो. आपल्याकडचा 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या मूर्तींना पुरावशेष मानतो आणि तशा मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरातन वस्तू नाही’ असा दाखला निघण्याआधी घ्यायचा असतो. युरोपातही ज्या देशातून वस्तू आली तिथला कायदा मोडून ती आणली असेल तर आयात बंद आहे. तुम्ही लिहिता की बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा लग्नाच्या वेळी तुळशीबागेतून घेतले. मग ‘अँटिक’ शब्द काढून ‘पितळी मूर्ती, घरातल्या पूजेच्या, खरेदी 2014’ असं लिहा आणि लग्नाच्या अल्बममधला देवघराचा फोटो जोडा. त्यांत आजोबांकडून आलेला चांदीचा टाक असेल आणि त्याचं वय खरंच माहीत नसेल, तर अंदाजानं वर्ष ठोकू नका. मला वेगळं लिहा. सागवानी देवघराबद्दल काळजी नको; शिसवी असतं तर लुप्तप्राय वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आणखी एक कागद विचारला गेला असता.

स्वयंपाकघराच्या खोक्यात लोणचं आणि गोडा मसाला घरापुरता असेल तर ठीक. नेहमीच्या गरजेइतका घरगुती साठा सामानातच धरतात. साजूक तुपाचा डबा मात्र गेला असं समजा. दुधाचे पदार्थ युरोपात असे आणता येत नाहीत.

एजंट किंवा झोल ऐकत नसेल आणि खरंच करआकारणीचा बेशाइड, म्हणजे लेखी आदेश, निघाला, तर तारीख पकडा. त्याविरुद्ध आइनश्प्रुख, म्हणजे हरकत, दाखल करायला एक महिना असतो, ती मोफत असते आणि ज्या होप्टझोलआम्टनं (मुख्य कस्टम्स कार्यालयानं) आदेश काढला तिथेच द्यायची असते. टपालानं पाठवलेला बेशाइड चौथ्या दिवशी पोचला असं कायदा धरतो. पण तुमचा मुखत्यार एजंट आहे, त्यामुळे बेशाइड बहुतेक त्याच्याच संगणकावर उतरेल आणि घड्याळ तिथून सुरू होईल. म्हणून ‘कोणताही बेशाइड आला की त्याच दिवशी मला पाठवा’ हे त्याच्याकडून लेखी घ्या. हरकत घेतली म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. सामान लवकर हवं असेल तर पैसे भरून आणि हरकत चालू ठेवूनही ते सोडवता येतं. भरलं म्हणजे कबूल केलं असं होत नाही. हरकतीचा मसुदा मात्र तिथल्याच वकिलाकडून किंवा करसल्लागाराकडून करून घ्या, मी जर्मनीत वकिली करत नाही.

गोदामभाडं हा कस्टम्सचा विषयच नाही. जानेवारीत घेतलेलं सामान मार्चअखेर चढवलं आणि नाव चुकीचं घातलं, हे पुण्याच्या पॅकर्सचं काम. तुमच्या कोटेशनमध्ये ‘कस्टम क्लिअरन्ससह’ असं लिहिलेलं आहे. उशीर का झाला ते त्यांना ईमेलवर विचारा. उत्तरात ‘कंटेनर भरायची वाट पाहत होतो’ असं आलं तर ते जपून ठेवा. भरपाईसाठी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पॅकर्सना दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. पत्नीचे वडील चिंचवडला आहेत, त्यांना अधिकारपत्र दिलंत तर तारखांना ते जाऊ शकतील. पण ही नंतरची लढाई. आधी 0350.

शेवटी तुम्ही विचारलंय की सोफा नव्या घरात मावला नाही तर विकता येईल का. सवलतीत सुटलेली वस्तू डिक्लेरेशन स्वीकारल्यापासून 12 महिने विकता, भाड्यानं किंवा उसनी देता, गहाण टाकता येत नाही. द्यायचीच असेल तर आधी झोलला कळवावं लागतं, आणि मग तिच्यावरचा कर भरावा लागतो. तोवर तो तळघरात ठेवा, स्केचपेनची बाजू भिंतीकडे करून.