चिकित्सक आवृत्तीतला नुसता मूळ पाठ वेबसाइटवर टाकला तर कॉपीराइट मोडतो का?

चिकित्सक आवृत्ती म्हणजे अनेक हस्तलिखित पोथ्या ताडून बघून संपादकाने पाठ ठरवलेली आवृत्ती. ग्रंथ दोन हजार वर्षांचा, कर्ता केव्हाच गेला, मग संपादकाच्या टीपा वगळून नुसते मूळ श्लोक टाकले तर कुणाची हरकत असणार, असं तुम्ही विचारलं आहे.

टीपा, प्रस्तावना, भाषांतर यांच्याबद्दल फारसा वाद नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही 2023 मध्ये गीता आणि भागवताबद्दल हेच म्हटलं: मूळ ग्रंथ सर्वांचे, पण त्यांचं विवरण किंवा रूपांतर ज्याने केलं त्याचा त्या कामावर हक्क. अडचण नेमकी तुमच्या 'नुसत्या मूळ पाठा'त आहे, कारण तो आयता कुठेच सापडत नाही.

मी काही वर्षं पाठभेद नोंदवण्याचं काम केलं आहे. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका घरात लिहायचं आणि खाली प्रत्येक पोथीत जिथे फरक असेल तिथे तो भरत जायचा. एका पोथीत 'घन', दुसरीत 'धन'. कुठल्या तरी लेखनिकाची नजर चुकली हे उघड असतं, पण कुठल्या? अर्थ दोन्हींचा लागतो. मग कोणती पोथी कोणत्या शाखेची, कोणती कशावरून उतरवली, हे बघण्यात एका अक्षरापायी अख्खी दुपार जाते. भांडारकर संस्थेच्या महाभारताचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि मूळ पाठ पूर्ण व्हायला 1966 साल उजाडलं. त्यासाठी 1,259 पोथ्या पाहिल्या गेल्या. त्या आवृत्तीत जिथे पाठाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेषा छापलेली आहे. ती दिसली की मला त्या संपादकांबद्दल फार आदर वाटतो.

आता कोर्टं काय म्हणतात ते. सर्वांत गाजलेला खटला मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांतल्या गुंडाळ्यांचा. एका धार्मिक ग्रंथाच्या सहा हस्तलिखितांचे फाटके तुकडे उरले होते. एलिशा किमरॉन या भाषाभ्यासकाने सुमारे 11 वर्षं खपून ते जुळवले, मधल्या गाळलेल्या जागा भरल्या आणि 121 ओळींचा पाठ उभा केला. 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने त्याला न विचारता तो पाठ छापून टाकला. प्रस्तावनेत किमरॉनचं नावसुद्धा नव्हतं, नुसता 'एक सहकारी' असा उल्लेख होता. जेरुसलेमच्या न्यायालयाने 1993 मध्ये त्याला 1,00,000 शेकेल भरपाई दिली आणि 2000 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला.

हा निकाल वाचताना मला किमरॉनची बाजू मनापासून पटते, आणि तरी एक गाठ सुटत नाही. हा पाठ प्राचीन कर्त्याचाच आहे असं संपादक म्हणतो. मग तो जितका अचूक, तितकं त्यात संपादकाचं स्वतःचं कमी. नेमकं हेच धरून पॅरिसच्या न्यायालयाने 2014 मध्ये मध्ययुगीन ग्रंथांच्या बाबतीत उलट निकाल दिला. तिथेही टीपा वगळून नुसता पाठ ऑनलाइन टाकला होता, म्हणजे जवळजवळ तुमचाच प्रश्न. न्यायालयाने म्हटलं, जुनं लेखन जसंच्या तसं परत मिळवणं हा संपादकाचा हेतू असतो, स्वतःचं काही रचणं हा नव्हे, म्हणून नुसत्या पाठावर लेखकाचा हक्क नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल कोर्टाचे निकाल छापणाऱ्या संग्रहांबद्दलचा होता, पण त्यातली कसोटी इथेही उपयोगी आहे: नुसती मेहनत पुरत नाही, कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जकता दिसावी लागते. तुकडे जुळवून रिकाम्या जागा भरणारा संपादक या कसोटीला उतरेल असं माझं मत आहे, एका पोथीची नक्कल करणारा उतरणार नाही.

मला जर्मनीचा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. तिथे अशा अभ्यासपूर्ण आवृत्तीला वेगळाच, प्रकाशनापासून 25 वर्षांचा हक्क आहे. संपादकाला श्रमाचं मोल मिळतं आणि ग्रंथ पिढ्यान् पिढ्या अडकून पडत नाही.

तुम्ही काय करावं? आवृत्ती जुनी असेल तर संपादकांच्या निधनाची सालं बघा. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो आणि संपादक अनेक असतील तर शेवटी गेलेल्याच्या वर्षापासून मोजतात. मुदत संपली नसेल तर प्रकाशकाला पत्र लिहा. 'तुमची आवृत्ती वापरायची आहे' एवढं मोघम लिहू नका, कोणता भाग, किती श्लोक, पैसे घेणार की नाही, सगळं सांगा. परवानगी लागो न लागो, आवृत्तीचं, संपादकाचं नाव आणि साल पानाच्या वरच्या बाजूलाच द्या.

आणखी एक विनंती. नुसता पाठ टाइप करताना नागमोडी रेषा आणि कंस हमखास गळतात. मग संपादकाने 'बहुधा असं असावं' म्हणून ठेवलेलं अक्षर वाचणाऱ्याला थेट ग्रंथकर्त्याचं वाटतं. टाइप करायला त्रास होईल, पण त्या खुणा ठेवा.