पैसा सोडला, हिशेब नाही: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मार्क बॉयल या आयरिश तरुणाने नोव्हेंबर २००८ मध्ये पैशाला हात न लावता राहायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास एका सेंद्रिय शेतावर, फुकट मिळालेल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये तो राहिला. ठरवलं होतं एक वर्ष, प्रत्यक्षात दोन वर्षांहून जास्त काळ राहिला. वर्तमानपत्रांतून ही हकिकत बाहेर आली तेव्हा कौतुक झालं आणि तेवढीच टीकाही झाली: फुकट्या, ढोंगी, सुखवस्तू माणसाची हौस. गेल्या अंकात आम्ही या प्रयोगाबद्दल लिहिलं, तेव्हा वाचकांनीही जवळपास हेच आक्षेप घेतले. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं वगळून फक्त गावं दिली आहेत.

सौर पॅनेल तर त्याने विकत घेतलं होतं. मग 'पैशाशिवाय' कसं म्हणायचं? (पुणे)

आक्षेप बरोबर आहे. पॅनेल प्रयोग सुरू होण्याआधी विकत घेतलेलं होतं आणि बॉयलने ते लपवलं नाही. सुरुवात करण्यापूर्वी त्याने स्वतःसाठी काही नियम ठरवले होते. त्यातला एक असा की कुठलंही बिल आगाऊ भरून ठेवायचं नाही. वर्षभराचा मोबाइल रिचार्ज आधी मारायचा आणि मग 'मी वर्षभर पैसे खर्च केले नाहीत' म्हणायचं, ही पळवाट त्याने बंद केली. फोन होता, पण फक्त येणाऱ्या कॉलपुरता.

तरीही भांडवली वस्तूचा प्रश्न उरतोच, आणि त्याला एकच सरळ उत्तर आहे: वस्तूची किंमत तिच्या आयुष्यात वाटून दाखवा. समजा पॅनेल ५,००० रुपयांचं आहे आणि २० वर्षं चालणार आहे, तर वर्षाला २५० रुपये पडतात. ते वहीत लिहायचे. खरी अडचण बॅटरीची असते. शिसं-आम्लाची बॅटरी रोज खोलवर रिकामी केली तर तीन-चार वर्षांत, कधी त्याआधीच, बसते. नवी बॅटरी श्रमाच्या बदल्यात कोणी देत नाही. सौर विजेवर जगणारा माणूस बाजारातून सुटत नाही, त्याची बाजारातली पुढची फेरी काही वर्षं लांबते. एवढं स्वच्छ सांगितलं की आक्षेपातला जोर जातो.

रस्ते, दवाखाने, वाचनालयं इतरांच्या करातून चालतात. हा माणूस ती वापरतो आणि कर देत नाही. हा फुकटेपणा नाही का? (सोलापूर)

काही अंशी आहे. कॅरॅव्हॅन उभी करायच्या जागेच्या बदल्यात बॉयल आठवड्यातले तीन दिवस त्या शेतावर राबायचा, म्हणजे जागा फुकट नव्हती. पण सार्वजनिक सेवांची परतफेड शेतमालकाकडे काम करून होत नाही. त्या सेवांपोटी सार्वजनिक कामात दिलेले तास वेगळे मोजले पाहिजेत.

आपल्याकडे दवाखान्याचा भाग जास्त गंभीर आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा करातून चालते आणि रुग्णाला दारात पैसे मोजावे लागत नाहीत. इथे एक अपघात किंवा एक शस्त्रक्रिया झाली तर खर्च भावावर, सासऱ्यांवर नाही तर मित्रांवर येतो. म्हणून कोणी असा प्रयोग करणार असेल तर आरोग्यविम्याचा हप्ता थांबवू नये. नूतनीकरण चुकून सवलतीची मुदतही उलटली तर पॉलिसी बंद पडते. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. हप्ता भरा आणि 'एवढा पैसा वापरला' असं लिहा. प्रयोगाला त्याने कमीपणा येत नाही. आजारपणात दुसऱ्यावर बोजा टाकला तर मात्र येतो.

हे विनोबांनी पवनारला करून दाखवलं आहे. परदेशी माणसाचं एवढं कौतुक कशाला? (वर्धा)

विनोबांचा प्रयोग याहून खोल होता. धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात १९५० च्या सुमारास त्यांनी 'कांचनमुक्ती' सुरू केली. पैशाच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, श्रमाचं आणि हातसुताचं दान चालेल, अन्न आपण पिकवायचं. बैलाशिवाय, माणसाच्या बळावर केलेल्या शेतीला त्यांनी ऋषिशेती म्हटलं. विहिरीचा रहाटही माणसंच फिरवत. पुढे मार्च १९५१ मध्ये ते तेलंगणाकडे पायी निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली.

दोन्ही प्रयोगांत टीकेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पवनारला जमीन होती, विहीर होती, एकत्र राबणारी माणसं होती. बॉयल एकटा होता आणि जमीन दुसऱ्याची होती. एकट्याने केलेल्या प्रयोगावर 'हा कुणाच्या तरी जिवावर जगतोय' हा आरोप लगेच चिकटतो. खांद्याला खांदा लावून रहाट ओढणाऱ्यांना तो चिकटत नाही. आपल्याकडे कोणी करणार असेल तर पाच-सात जणांनी मिळून करावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. सावडीची आणि इर्जिकीची, म्हणजे शेतकामात एकमेकांना हात देण्याची, सवय अजून कित्येक गावांत शिल्लक आहे.

गरिबाकडे पैसा नसतो तेव्हा ती लाचारी. सुशिक्षिताकडे नसतो तेव्हा ती साधना. ही आमची थट्टा नाही का? (अंबरनाथ)

आलेल्या पत्रांतला हा सर्वांत वजनदार प्रश्न आहे.

जर्मनीतल्या हायडेमारी श्वेर्मर यांनी १९९४ मध्ये डॉर्टमुंडला 'गिब उंड निम', म्हणजे 'द्या आणि घ्या' नावाचं देवघेवीचं मंडळ काढलं आणि १९९६ पासून स्वतः पैसा सोडला. शहरातल्या बेघर लोकांना उपयोग व्हावा ही त्यांची मूळ इच्छा होती. पण बेघर माणसं फारशी आलीच नाहीत. शिकलेली, नोकरी केलेली बाई आमचं दुःख काय जाणणार, असं त्यांना वाटलं. आले ते मुख्यतः बेकार आणि निवृत्त लोक. त्या बेघरांचं म्हणणं खोटं नव्हतं. पैसा सोडणाऱ्याकडे शिक्षण असतं, ओळखी असतात, आणि मुख्य म्हणजे परत फिरायचा रस्ता असतो. ज्याच्याकडे तो रस्ता नाही त्याची स्थिती वेगळी, आणि दोन्हींना एकच नाव देणं अन्यायाचं आहे.

महाराष्ट्रात या आक्षेपाला आणखी एक जुनी बाजू आहे. पैशाशिवायची देवघेव आपल्याला नवी नाही, तिचं नाव बलुतं. वर्षभर राबायचं आणि खळ्यावर धान्याचा वाटा मागायला उभं राहायचं. किती मिळेल हे देणारा ठरवणार आणि काम जातीने ठरलेलं. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी, म्हणजे जातीने ठरलेल्या पिढीजात गावकामासंबंधी, विधेयक मांडलं, त्यात बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करण्याची तरतूद होती. ही वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर. रोख मजुरी हातात आली तेव्हा माणसाला गाव सोडता आलं. ज्यांच्या आजोबांनी हे भोगलं त्यांना 'पैसा हेच बंधन' असं सांगायला जाऊ नये.

म्हणून प्रयोग करणाऱ्याने काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आपला प्रयोग गरिबीवरचा उपाय म्हणून मांडू नये. रेशनचं धान्य उचलू नये, ते ज्यांच्यासाठी आहे त्यांचंच आहे. आणि बाजारातला टाकाऊ माल उचलण्याआधी तो आज कोण उचलतंय हे पाहावं. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या कचरापेटीत मुदतीच्या काठावरचं सीलबंद अन्न सापडतं आणि बॉयल ते वापरायचा. आपल्या भाजीबाजारात संध्याकाळी उरलेला पाला, नरमलेले टोमॅटो कुणाच्या तरी घरी शिजतात, नाही तर गुरांपुढे जातात. तिथे हात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

लाकडावर स्वयंपाक म्हणजे धूर. याला पर्यावरणपूरक कसं म्हणता? (नाशिक)

तीन दगडांच्या चुलीबद्दल हे खरं आहे. बॉयल तेलाच्या जुन्या डब्यांपासून केलेली रॉकेट चूल वापरायचा, आणि तीही उघड्यावर. आपल्याकडे १५ किलोच्या तेलाच्या डब्यात ती होते. आत एल आकाराचा, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी नळ बसवायचा. आडवा भाग १५ ते १८ सेंटिमीटर, उभा भाग २५ ते २८. आडव्या तोंडात तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर पत्र्याची फळी ठेवायची, वर लाकूड, खालून हवा. नळ आणि डबा यांमधली पोकळी कोरड्या, चाळलेल्या राखेने भरायची. भाताच्या तुसाची राख उत्तम.

बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. राखेऐवजी वाळू किंवा माती भरली तर ती उष्णता अडवत नाही, पिऊन टाकते. नळ तापत नाही आणि धूर होतो. तोंड लाकडांनी गच्च भरलं तर हवा जात नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन-तीन काटक्याच लावाव्यात आणि जळतील तशा आत सरकवाव्यात. जस्ताचा मुलामा असलेला नळ वापरू नये, तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. पातळ पत्र्याचा नळ काही महिन्यांत जळून भोकं पडतात, तेव्हा तो बदलता येईल असाच बसवावा. एवढं करूनही धूर शून्य होत नाही. टीकाकाराला 'पुष्कळ कमी' म्हणावं, 'अजिबात नाही' म्हणू नये.

मी आणि पत्नी सहा महिने पैशाशिवाय राहतो आहोत. गावच्या व्हॉट्सॲप गटावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात बरंच बोललं जातंय. उत्तर द्यावं का आणि कसं? (दापोली)

द्यावं, पण सगळ्यांना नाही. आलेली टीका आधी कागदावर उतरवून काढा. काही हिशेबाची असेल ('गॅस कुणाचा वापरता?'), काही न्यायाची (अंबरनाथच्या वाचकांसारखी), आणि उरलेली हेतूची ('प्रसिद्धीसाठी चाललंय'). हिशेबाच्या टीकेला आकड्यांनी उत्तर द्या. न्यायाच्या टीकेत जे पटतं ते मान्य करा आणि आपलं वागणं कुठे बदललं ते सांगा. हेतूच्या टीकेला उत्तर देऊ नका. आपला हेतू शुद्ध आहे हे कुणालाही सिद्ध करता येत नाही आणि प्रयत्न केला की भांडण वाढतं.

यासाठी वही हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून. रकाने असे: तारीख, काय मिळालं, कुणाकडून, त्यामागे पैसा कुणाचा खर्च झाला, बदल्यात आपण काय दिलं. दोन नोंदी नमुन्यादाखल:

'४ तारीख. तांदूळ दोन किलो, शेजारच्या काकूंकडून. त्यांच्या शेतातला. बदल्यात तीन तास भात झोडला.'

'९ तारीख. सायकलची ट्यूब. भावाने विकत आणून दिली, पैसे त्याचे. बदल्यात अजून काही नाही.'

दुसरी नोंद लिहायला जड जाते, म्हणून बहुतेक जण ती गाळतात, आणि पुढे टीकाकार नेमकं तेच शोधून काढतो. तुम्हीच आधी दाखवली असेल तर त्याला शोधायला काही उरत नाही. महिन्याच्या शेवटी वहीचं पान गटावर टाका. ज्याने जागा किंवा वस्तू दिली त्याचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. लोक बघायला त्याच्या दारात येतात आणि त्रास त्याला होतो.

लिहिताना टीकेत जे खरं आहे ते पहिल्याच वाक्यात मान्य करा. उत्तर दहा-बारा ओळींत संपवा. 'शून्य खर्च', 'स्वयंपूर्ण' हे शब्द टाळा, 'आम्ही पैसे हाताळत नाही' एवढंच खरं आहे. 'तुम्ही तर गाडी फिरवता' असं कधीही लिहू नका, तिथे संवाद संपतो. नातेवाइकांना तुमच्या बाजूने उतरू देऊ नका. आणि राग आला त्या दिवशी काही पाठवू नका.

श्रमाची अदलाबदल करपात्र असते का? (ठाणे)

जीएसटी कायद्याच्या कलम ७ मध्ये पुरवठ्याच्या व्याख्येत वस्तुविनिमय आणि अदलाबदल येतात. पण महाराष्ट्रात नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक उलाढालीवर आहे, सेवांसाठी २० लाख आणि फक्त वस्तूंसाठी ४० लाख रुपये. घरगुती देवघेव तिच्या जवळपासही जात नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी मात्र रुपयांतच भरावी लागते.

प्रयोग मध्येच सोडावा लागला तर लोक हसतील. मग काय करावं? (सांगली)

त्याच दिवशी जाहीर करावं, कारणासकट. बॉयलच्याच बाबतीत हे घडलं आहे. ३० जानेवारी २००८ रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीला, तो ब्रिस्टलहून पोरबंदरला खिशात एक पैसा न घेता पायी निघाला. महिन्याभरात फ्रान्समधल्या कॅलेला पोचला आणि तिथूनच परतला. त्याला फ्रेंच येत नव्हतं. आपण काय करतो आहोत हे लोकांना सांगता येईना, आणि ते त्याला फुकट्या किंवा आश्रयाला आलेला निर्वासित समजू लागले. जी माणसं आपली भाषा जाणत नाहीत त्यांच्याकडे श्रमाच्या बदल्यात जेवण मागता येत नाही, हे त्याला तिथे कळलं. त्याने हे कारण उघड सांगितलं, आणि पुढचा प्रयोग त्याच वर्षी ओळखीच्या भागात, ओळखीच्या माणसांत सुरू केला. तुम्हीही थांबाल तेव्हा वहीचं शेवटचं पान दाखवा: किती दिवस झाले, कुणाचं किती देणं उरलं, आणि ते तुम्ही कसं फेडणार आहात.