नागपुरातल्या जुन्या दुकानाला संगणक आणि बिलिंग सॉफ्टवेअरसाठी सरकारी अनुदान मिळतं का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतवारीत वडिलांचं तीस वर्षांचं भांड्यांचं दुकान आहे, बिलं अजून हातानेच बनतात, तुम्हाला संगणक, बारकोड आणि बिलिंग सॉफ्टवेअर आणायचंय. एक एजंट म्हणतो, "50 टक्के सबसिडी करून देतो, फाइलचे 15 हजार आगाऊ द्या." आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की आई घरी सावजी मसाला बनवून ओळखीच्या लोकांना विकते.

आधी एजंटचं सांगतो. पैसे देऊ नका. आज फोन आला तर आजच नाही म्हणा.

माझं गांधीबागेजवळ हार्डवेअरचं दुकान आहे आणि बायकोचं वाठोड्याला पापड-कुरडयांचं छोटं युनिट. म्हणजे आमच्याही घरात एक दुकान आणि एक युनिट, तुमच्यासारखंच. दोन्हींसाठी मी सरकारी योजनांच्या मागे फिरलोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मोठी गोष्ट ही आहे की तुम्ही अनुदान वडिलांच्या दुकानासाठी शोधताय आणि ते आईच्या मसाल्याला मिळण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बहुतेक अनुदान योजना वस्तू बनवणाऱ्यासाठी किंवा सेवा देणाऱ्यासाठी आहेत. नुसती खरेदी-विक्री करणारा त्यात बसत नाही. 2 जुलै 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, करता येते, पण त्यांना मिळणारा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे ज्याचा ठरावीक वाटा बँकांना द्यावाच लागतो अशा, कर्जापुरता ठेवलाय. उद्यमचं प्रमाणपत्र हातात आलं की सगळ्या सबसिड्यांचं दार उघडलं, असं एजंट सांगतात. व्यापाऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही.

मग एजंट कोणती फाइल करणार असेल? माझा अंदाज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजे पीएमईजीपीचा. त्यात प्रवर्ग आणि शहर-गाव पाहून 15 ते 35 टक्के अनुदान असतं, पण ते नवीन उद्योगाला. तीस वर्षांचं चालू दुकान नवीन म्हणून दाखवलं तर ती खोटी फाइल झाली. सही तुमची, आधार तुमचं, कर्ज तुमच्या नावावर. तपासणीला माणूस आला की उत्तर तुम्हीच द्यायचं, एजंट तिथे नसतो. 50 टक्क्यांचा आकडाही त्याने कुठून आणला ते कळतं. अन्नप्रक्रियेच्या योजनेत ब्रँडिंग आणि विक्रीसाठी 50 टक्के मदत आहे, पण ती शेतकरी कंपन्या, सहकारी संस्था, बचत गट अशा गटांना. एकट्या दुकानदाराला नाही.

उद्यम नोंदणी तुम्हाला करायचीच आहे, कारण बँकेत ती विचारतात. ती पूर्ण मोफत आहे, 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर घरी बसून होते. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा हुबेहूब सरकारी वाटणारं पान आधी उघडलं, तिरंगी पट्टी वगैरे सगळं, आणि मी तिथे 2,999 रुपये भरले. प्रमाणपत्र खरं आलं, पण जे फुकट होतं त्याचे पैसे गेले. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, एवढं बघूनच आधार नंबर टाका.

आता दुकानासाठी काय करता येईल ते सांगतो. तुमची वार्षिक उलाढाल 1.5 कोटीपर्यंत असेल तर जीएसटी नेटवर्कने 2019 पासून हिशेब आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर मोफत दिलंय. जीएसटीच्या पोर्टलवर डाउनलोडच्या भागात ते सापडतं. महागड्या पॅकेजसारखं सगळं त्यात नसेल, पण वडिलांना सवय लागेपर्यंतचं वर्ष त्यावर काढा असं मी म्हणेन. संगणक, प्रिंटर, स्कॅनर दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या, म्हणजे त्यावरच्या कराची वजावट मिळेल. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या ठोक योजनेत, असाल तर ती मिळत नाही. हिशेब ठेवून आयकर भरत असाल तर संगणक आणि सॉफ्टवेअरवर वर्षाला 40 टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याचा खर्च, धरता येतो. हे कोणी अनुदान म्हणत नाही, पण आमच्या दुकानाला सरकारकडून जे काही मिळालं ते याच वाटेने मिळालं. माझा सगळा खर्च 58 हजार झाला. रोख नसेल तर मुद्रा कर्ज आहे, 50 हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर. तारण लागत नाही. मात्र ते कर्ज आहे, परत करायचं असतं.

क्यूआरवर पैसे घेताय तर एक गैरसमज आत्ताच काढून टाका. मार्च 2025 मध्ये बातमी आली होती की 2,000 रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर छोट्या दुकानदारांसाठी 0.15 टक्के प्रोत्साहन. आमच्या गल्लीत चार जणांनी मला विचारलं, आपल्या खात्यात कधी येणार? ते पैसे बँकेला मिळतात. तुमचा फायदा एवढाच की तुमच्याकडून शुल्क कापलं जात नाही.

डिजिटल व्यवहारासाठी सरकार थेट हातात पैसे देतं ते आपल्याहून लहान लोकांना, आणि ते योग्यच आहे. विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांतल्या कारागिराला एका डिजिटल व्यवहाराला 1 रुपया मिळतो, महिन्याला 100 व्यवहारांपर्यंत. शिवाय अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर. सीताबर्डीवर हातगाडी लावणाऱ्याला स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या योजनेतल्या कर्जासोबत कॅशबॅक असतो. तुमच्या दुकानाशेजारी शिंपी, चांभार, कुलूपवाला बसत असेल तर त्याला हे नक्की सांगा. आमच्या पायरीवर बसणाऱ्या शिंपीकाकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची नोंदणी आम्हीच करून दिली.

सॉफ्टवेअर घेण्याआधी आणखी एक गोष्ट, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. मशीन एका दिवसात येते, माल चढवायला महिना लागतो. आम्ही रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून बसायचो. मी डबे मोजायचो, पोरगी आकडे टाकायची. बाबा खुर्चीवरून म्हणायचे, "लाइन गेली तं काय करन हे मशीन? वही काय वाईट हाये?" तिसऱ्या रात्री कळलं की खिळे आम्ही किलोने घेतो आणि मुठीने देतो, पाइप लांबीने घेतो आणि फुटाने कापतो, आणि एकाच बिजागरीला दुकानात तीन नावं आहेत. बाबांचं एक, पोराचं एक आणि कंपनीचं एक. मी कंपनीचं नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबांना संगणकात काहीच सापडेना आणि ते परत वहीकडे गेले. मग सगळी नावं बाबांच्या तोंडची केली. त्यानंतर ते स्वतः बिलं काढायला लागले, एका बोटाने का होईना.

तुमच्याकडे हे जास्त अवघड आहे. स्टीलचा गंज किलोवर घेता आणि नगावर विकता, पितळेचा गुंड वजनावरच जातो आणि भाव रोज हलतो, वर गिऱ्हाईक जुनी मोड घेऊन येतं. सॉफ्टवेअरवाला दाखवायला येईल तेव्हा त्याला तयार नमुना दाखवू देऊ नका. तुमच्या कालच्या वहीतली पाच बिलं त्याच्यासमोर ठेवा, त्यातलं एक मोडीचं असू द्या, आणि म्हणा, ही काढून दाखव. ज्याला जमेल त्याचंच घ्या.

आता आईचं. माझा जीव खरं तर इथे गुंतलाय, कारण बायकांचं असं काम "घरचंच आहे" म्हणून कुठे मोजलंच जात नाही. माझ्या बायकोने नऊ वर्षं पापड विकले आणि कागदावर ती गृहिणीच होती.

2020 साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. पीएमएफएमई म्हणतात तिला. यात बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. या योजनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी एक उत्पादन ठरवलंय आणि नागपूर जिल्ह्याचं ते संत्रं आहे, म्हणून "मसाल्याला मिळत नाही" असं कोणी सांगेल. ते बरोबर नाही, इतर पदार्थांनाही मिळतं. आम्हाला पापडावर मिळालं. आमचा प्रकल्प 4 लाखांचा होता: 40 हजार आमचे, बाकी बँकेचे, आणि अनुदान 1 लाख 40 हजार. त्यात पीठ मळायचं यंत्र, पापडाची मशीन, पॅकिंग मशीन आणि पाकिटावर तारीख-बॅच छापणारं यंत्र बसवलं. लॅपटॉप मी त्यात धरला नाही, स्वतःच्या पैशाने घेतला. कर्जाचा पैसा माल बनवणाऱ्या यंत्रावरच लागावा असं आम्हाला वाटलं, आणि आजही तेच बरोबर वाटतं.

हे पैसे लगेच हातात येत नाहीत. अनुदान बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने बाजूला ठेवतात. तीन वर्षं हप्ते नीट गेले आणि युनिट चालू असलं की ते कर्जात वळतं होतं. मधल्या काळात तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. म्हणून हप्ता पूर्ण कर्जाचा आहे असं धरूनच आईचा हिशेब मांडा. आणि मंजुरीच्या आधी यंत्र विकत घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी दिवाळीचा सीझन आहे म्हणून चक्की आधीच घेतली आणि मग अर्ज केला. त्या चक्कीवर काहीच मिळालं नाही.

महाराष्ट्रात ही योजना कृषी विभागाकडे आहे, म्हणून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जायचं. योजना पाच वर्षांसाठी आली होती, नंतर वर्षभर वाढवली, तेव्हा तिथे पहिला प्रश्न हाच विचारा की अर्ज घेणं सुरू आहे का. दुसरा प्रश्न, आमच्या भागाचे जिल्हा संसाधन व्यक्ती कोण. प्रकल्प अहवाल बनवणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं काम आहे आणि त्यांचं मानधन सरकार देतं. एजंट ज्याचे 15 हजार मागतोय, ते काम हेच.

ऑनलाइन विकायचं असेल तर जून 2024 मध्ये सुरू झालेली टीम नावाची योजना बघा. ओएनडीसीवर, म्हणजे सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन विक्रीच्या खुल्या जाळ्यावर, दुकान मांडायला, मालाची यादी आणि फोटो टाकायला, पॅकिंग आणि वाहतुकीला त्यातून मदत आहे. 5 लाख उद्योगांचं लक्ष्य ठेवलंय आणि त्यातले निम्मे महिलांचे. याची माहिती सेमिनरी हिल्सच्या सीजीओ संकुलातल्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कार्यालयात मिळते. सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, तिथेही एकदा जाऊन या. सकाळी जा आणि आईला सोबत न्या. बायको स्वतः बोलायला लागली तेव्हा टेबलापलीकडच्या मॅडमनी मला बाजूला बसवून तिच्याशीच अर्धा तास बोलणं केलं. पापडाला सोडा किती घालता, इथपासून.

कागदांपैकी आधी आईचं पॅन कार्ड बघा. नसेल तर तेच पहिलं काढा, उद्यम आणि बँक दोन्ही त्यावर अडतात. मग तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी आणि जागेचं लाइट बिल. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज आईच्याच नावाने करा. आणि यंत्राचं कोटेशन घेताना वरचं नाव नीट वाचा. आमचं पहिलं कोटेशन दुकानदाराने ओळखीने माझ्या हार्डवेअरच्या नावाने बनवलं होतं. बँकेने ते परत पाठवलं आणि बायकोच्या नावाचं नवीन येईपर्यंत वीस दिवस गेले.